डाव्या हाताचं पेन

आमचे मास्तर नवं पेन डोळ्यांनी पाहत नसत, कानानं पाहत. दुकानाच्या फळीवर कागद ठेवायचा, त्यावर डोकं आडवं टाकून कान टेकवायचा, आन् कानाजवळून एक लांब रेघ ओढायची. डोळे बंद. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, बुढा झोपला. दुकानदार म्हणे, "गुरुजी, पेन हाय ते, घड्याळ नोहे." मास्तर त्याच आडव्या डोक्यानं म्हणत, "थांब बे. बोलून राह्यलं ते."

मंग उठून कानाची शाई पुसत आन् निकाल देत. "कुरकुर करते. घरात रोज भांडण. ठेव." नाही तर, "हे साफ मुकं आहे. मुका माणूस चालते, मुकं पेन चालत नाही. ठेव." सगळी पेटी उपसून झाली की छत्री उचलून चालू लागत, आन् दुकानदार मागून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करे.

मी गाडीवान माणूस. जंगलातून बांबू आन् सागवान आणून डेपोत टाकायचं, हा जन्माचा धंदा. शाळा दुसरीपर्यंत. माझ्यासारख्यानं पेनावर लिहावं हे उलटंच. पण बायको या उन्हाळ्यात गेली. तिच्या मागं घरात जे राहिलं त्यात एक काळं पेन आहे. त्या पेनाचं सांगायचं तर मास्तरांचं सांगावं लागते. मास्तरांच्या हाताखालून लिहिणारे पुष्कळ निघाले, मोठमोठ्या खुर्च्यांवर बसले. त्यांच्यातल्या एकानंही मास्तरांवर चार ओळी लिहिल्या नाहीत. म्हणून मी लिहून राह्यलो. चुकलं तर चुकलं.

तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, सगळा चांदा जिल्हाच. आमचं गाव वैनगंगेच्या काठापासून थोडं आत, धानाचे बांध संपले की जंगलच. मास्तर शाळेचे हेडमास्तर. दुसरे मास्तर कधी होते, कधी नव्हते. उंच, वाळलेले, मिशा कात्रीनं कापलेल्या. छत्री बारा महिने. गळ्यात एक बांबूची नळी, बुरडाकडून करून घेतलेली, तिच्यात सावरीचा कापूस आन् त्या कापसात त्यांचं पेन. नव्या माणसाला वाटे ताईत आहे. एका बाईनं तर विचारलंही, "गुरुजी, कोन्या देवाचा हाय जी?" मास्तर म्हणाले, "निळ्या देवाचा. पावसाच्या पाण्याशिवाय कोपते." आमच्या विहिरीचं पाणी लोखंडी, त्यात शाईची गोळी घोळली की शाईला गाळ येई. म्हणून मास्तर पावसाचं पाणी बाटल्यांत भरून ठेवत आन् वर्षभर त्यातच शाई करत. प्यायला मात्र तेच लोखंडी पाणी पीत.

दुसऱ्याचं पेन ते हातात घेत नसत. सहीसाठीही नाही. एकदा शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले. त्यांनी खिशातलं सोनेरी पेन काढून पुढं केलं, "करा सही." मास्तरांनी हात जोडले. "साहेब, दुसऱ्याची चप्पल घालत नाही आन् दुसऱ्याचं पेन धरत नाही. दोन्ही आपल्या धन्याच्या चालीनं झिजतात." मंग सावकाश नळी काढली, बूच काढलं, कापूस काढला, पेन काढलं. साहेब उभेच. सही झाली, तेवढ्यात साहेबांचा चहा निवला.

पेन कसं घ्यावं, हे त्यांना कोणी विचारलं तर बरं, नाही विचारलं तरी सांगत. बाजारात, शेतावर, एकदा तर मयतीला. "पेन एवढं महाग नको का पेटीत जपून ठेवावं वाटंल. एवढं हलकं नको का फेकून द्यावं वाटंल. रोज हात गेला पाहिजे त्याच्याकडं. चप्पल घालताना पाय पाहतो का कोणी? तसं." गावात पेन लागणारी माणसं हाताच्या बोटांवर. पण सगळ्यांना हे पाठ. धान निंदणाऱ्या बायासुद्धा एकमेकींना म्हणत, "विळा असा पाह्य बाई, मास्तरच्या पेनावानी."

माझी बायको त्यांची विद्यार्थिनी. लग्नाआधी सहावी झालेली. लग्न झालं, शाळा सुटली, दोन सालं धानात आन् शेणात गेली. एक दिवस मास्तर आमच्या अंगणात येऊन उभे. छत्री मिटली नाही. माझ्या मायला म्हणाले, "बाई, आपल्या गावात मुलींची शाळा काढाची म्हणते सरकार. पण मास्तरीण पाहिजे. सातवी पास मास्तरीण इथून चांद्यापर्यंत मिळत नाही. तुमच्या सुनेला परीक्षेला बसू द्या."

माय म्हणाली, "आन् धानाचा रोवना कोन करंल? तुमी?"

"करीन."

माय हसली नाही. माझी माय कडक बाई. बाप लवकर मेला, तिनं एकटीनं बैलजोडी आन् मी, दोन्ही पोसलं. थोडा वेळ सुपातले खडे वेचत राहिली. मंग म्हणाली, "एक डाव. पास झाली त मास्तरीन. नाई झाली त पुन्हा त्या पुस्तकाचं नाव काढाचं नाई या घरात. मंजूर?"

मास्तर म्हणाले, "मंजूर." बायको दाराआड होती. तिला कोणी विचारलं नाही. पण दाराची कडी हलली, ती मला ऐकू आली.

आता अडचण सांगतो. बायको डावरी. विळा डाव्यात, उलथनं डाव्यात, मला एकदा डाव्याच हातानं दगड मारला होता तो बरोबर लागला. लिहिताना मात्र उजवा. तेव्हा डाव्या हातानं सरस्वतीला शिवू देत नसत. मास्तरांनीच लहानपणी तिचा डावा हात ओढणीनं कंबरेला बांधून उजवा शिकवला होता. अक्षर सुंदर, पण गोगलगाय. सहावीत पेपर अर्धाच राहिला होता, कशीबशी सुटली होती. सातवीत अर्ध्यावर कोण सोडते? ती रोज संध्याकाळी मास्तरांकडं शिकायला जाई, मी पोचवायला जाई. मास्तर घड्याळ घेऊन बसत आन् दर वेळी कपाळाला हात लावत.

मी एक दिवस बोललो. खरं तर मधात बोलायचं माझं काम नाही. "मास्तर, ते डाव्या जुवाचा बैल हाय. तुमी उजव्याले जुंपून राह्यले."

"म्हणजे?"

"माह्या जोडीतला तांबडा डावीकडंच चालते. लहानपनापासून. उजवीकडं लावला त त्याले रस्ताच समजत नाई."

"समजत नाही? बैलाला?"

"नाई समजत जी."

मास्तर उठले. "जुंप."

"का?"

"उजवीकडं जुंप. मला पाहायचं आहे."

आता सांगतो, मास्तर बैलाला भेत. रस्त्यात गाय दिसली तर छत्री उघडून आड धरत. पण त्या दिवशी स्वतः गाडीत चढून बसले. मी तांबड्याला उजवीकडं घेतलं, ढवळ्याला डावीकडं. म्हटलं, "मास्तर, उतरा. मी एकटाच नेऊन दाखवतो." "हाक." हाकलं. तांबडा आधी उभाच. मंग मान वाकडी करून ढवळ्याला ढकलू लागला. ढवळा चिडला. शाळेच्या वळणावर दोघांची दोन मतं झाली आन् गाडी नाल्यात. मास्तर आधी, छत्री मंग, मी शेवटी. गाव जमलं. कोणी म्हणे, "मास्तर मेले." मास्तर चिखलातून उठले, चष्मा शोधला, पुसला, घातला, गळ्यातली नळी चाचपली. तांबड्याकडं पाहून म्हणाले, "बरोबर आहे तुझं." मंग बायकोकडं वळले. "पोरी, उद्यापासून डावा."

एवढा अभ्यासाचा माणूस, साऱ्या गावापुढं चिखलात उभा राहून आपली चाल बदलून टाकते. अशी माणसं मी जास्त पाहिली नाहीत.

डाव्यानं तिचा हात धावू लागला, पण नवीच रड सुरू झाली. आपली लिपी डावीकडून उजवीकडं जाते. डावा हात ओल्या अक्षरांवरून सरकत जाते, मागं सगळं काळंनिळं. आन् दौतीत बुडवायचा टाक डाव्या हातात ओढता येत नाही, ढकलावा लागते, टोक कागदात रुतते. पानाला भोकं आन् कोपरापर्यंत शाई. माय म्हणे, "नीळ काढून राह्यली का परीक्षा देऊन राह्यली?" मास्तर म्हणाले, "टाक जमणार नाही. पेन पाहिजे. पण डावऱ्याला कोणतं पेन, हे मला माहीत नाही." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पेनाबद्दल पहिल्यांदा ऐकलं, 'माहीत नाही.'

दुसऱ्या दिवसापासून मास्तर डाव्या हातानं लिहू लागले. फळ्यावर, हजेरीवर, सगळीकडं. अक्षर असं, जसं कोंबडं शाईतून चाललं. पोरांनी घरी जाऊन सांगितलं, गुरुजीले लकवा मारला. संध्याकाळी बाया लसणाचं तेल घेऊन हजर. एकीनं तर कबुतराचं रक्त आणलं. मास्तर कोणाला काही समजावत बसले नाहीत. तेल ठेवून घेतलं, रक्त परत पाठवलं, आन् डाव्या हातानं लिहीत राहिले. पंधरा-वीस दिवसांनी बायकोला म्हणाले, "सापडलं. कागद सरळ ठेवू नको. आडवा फिरव, वरून खाली उतरल्यासारखं लिही. हात अक्षरांच्या खाली राहते. आन् पेन असं पाहिजे का ढकललं तरी रुसणार नाही. निब गोल झिजलेली, खुर झिजलेल्या बैलासारखी. शाई कमी सोडणारी." मंग माझ्याकडं पाहिलं. "शिवरात्रीला मार्कंड्याला चाल. तुझी गाडी. बैल बरोबर जुंप."

मार्कंड्याच्या जत्रेत तेव्हा नागपूर-चांद्याकडून दुकानं येत. बांगड्या, आरसे, कढया, आन् एका चाचांचं पेनाचं दुकान. लाल मखमलीवर पेनं ओळीनं खोचलेली, सोनेरी टोपणांची. चाचा मास्तरांना ओळखत होते. पाहताच म्हणाले, "आ गये? मेरा पूरा माल सूंघ के जायेंगे, लेंगे कुछ नहीं."

मास्तर म्हणाले, "आज घेणार आहे."

"या अल्ला. बैठो, बैठो. बहूरानी भी है? ये देखो, विलायती चमक." चाचांनी सोनेरी पेन काढलं. मास्तरांनी कान टेकवला नाही. देवळातून आणलेले प्रसादाचे द्रोण होते, एकाच्या काड्या काढल्या, पळसाचं पान उलटं करून फळीवर पसरलं. पेन डाव्या हातात धरलं आन् निब पानावर ढकलली. ओढली नाही, ढकलली. पान टर्रकन फाटलं. "नवरदेवाच्या खिशाला बरं आहे. ठेवा." दुसरं. त्यानं पानावर शाईचं तळं केलं. "याला लहान पोरासारखं धरून न्यावं लागंल. ठेवा." तिसरं, चौथं. द्रोण संपले. मी प्रसादाला पुन्हा रांगेत उभा राहिलो, पुजारी म्हणाला, "केवढी भूक हाय बे तुले?"

चाचा घामानं ओले. शेवटी मास्तर मखमलीकडं पाहायचं सोडून खाली वाकले. फळीखाली टोपलीत कंगवे आन् बटणं होती, त्यांत काही काळी, जाडजूड पेनं पडली होती. रबराची, टोपणाला साधी पट्टी, ना सोन्याची कडी, ना कोणाचं नाव. चाचा म्हणाले, "अजी, वो तो मुनीम लोगां के वास्ते. बहू को ये दोगे? लोग हसेंगे."

"बहू को नहीं देना है, उसके हाथ को देना है."

एक, दोन, तीन... त्यातलं एक पेन पळसाच्या पानावर ढकललं तर पान फाटलं नाही. रेघ बारीक, सारखी. आता मास्तर खाली वाकले आन् पानाला कान लावला. जत्रेचा कल्ला, भोंगे, घंटा, आन् हा माणूस पानाचा आवाज ऐकून राह्यला. डोळे उघडून म्हणाले, "पोरी, तू लिही. मनात येईल ते."

ती पदर सावरून बसली. डाव्या हातात पेन घेतलं, पान आडवं फिरवलं. भोवती गर्दी झाली. "अव माय, डाव्या हातानं लिवून राह्यली व!" "कोन्या गावची हाय?" तिनं भरभर काहीतरी लिहिलं आन् चटकन त्यावर तळवा ठेवला.

मास्तर म्हणाले, "पान राहू दे. हात दाखव."

तिनं तळवा उलटा केला. साफ. एक ठिपका नाही. मास्तरांनी चाचांकडं पाहून मान हलवली आन् चाचांनी दोन्ही हात आभाळाकडं केले.

पान मी उचललं. दुसरी शिकलेला, एक-एक अक्षर जोडत वाचलं. माझं नाव होतं. आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. बाजारात हरवली तरी नाव घेऊन हाक मारणार नाही. मी तिच्याकडं पाहिलं. ती पदराआडून म्हणाली, "तोंडानं थोडी घेतलं."

पुढं तिची तीच सवय झाली. सकाळी पेन धरलं की आधी पळसाच्या पानाच्या तुकड्यावर माझं नाव. शाई उतरली की पान चुलीत. रोज. माझं नाव रोज चुलीत जाई आन् त्यावर चहा होई.

परीक्षा तालुक्याच्या गावी होती. मास्तरांनी तिच्या पेनासाठीही बुरडाकडून नळी करवली, शाईची बाटली दिली. पोरीसंगं एक बाई पाहिजे, म्हणून मायही गाडीत बसली. एक दिवस आधी पहाटे अंधारातच निघालो, पेन नळीतच राहिलं, आन् दुपारी धर्मशाळेत उतरलो. मास्तर पुढंच पोचले होते. आल्या आल्या म्हणाले, "चालवून दाखव."

तिनं पेन कागदावर टेकवलं. काही नाही. झटकलं. काही नाही. मास्तरांनी सांगितलं, उघड. तिनं पेन उघडलं तर आतून निळी शाई नाही, काळा दाट काढा. मास्तरांनी वास घेतला. तिघांकडं पाहिलं.

"हिरडा," ते म्हणाले.

माय पुढं झाली. तोंडावर अभिमान. "माह्या हातची हाय. काल दुपारीच भरली. मालगुजाराचे दिवानजी आमच्याच घरची शाई नेत. लोखंडाच्या कढईत हिरडा उकळून, हिराकस टाकून. तुमचं ते निळं पानी, मास्तर, घामाचा थेंब पडला का वाहून जाते. माह्या सुनेची परीक्षा पुसून गेली त? हे लिवलं का दगडावरून जाय नाई."

आमच्या भागात हिरडा घरोघर. तिची शाई खरंच भारी, पण ती बोरूची. बोरूला गळा नाही. पेनाला गळा आहे.

मास्तर रागावतील असं वाटलं. ते खाली बसले. हळूच विचारलं, "बाई, डिंक टाकला होता?"

"टाकला ना. धावड्याचा. चकाकी येते."

"किती?"

"चांगला मूठभर."

मास्तरांनी डोळे मिटले. बायको निब पदरानं पुसून पुसून पाहू लागली. तेव्हा मायला समजलं. एक डाव, असं तिनंच म्हटलं होतं. ती मटकन बसली. "म्या का केलं व माय? म्याच बुडवलं का पोरीले?"

धर्मशाळेत दुसऱ्या गावचे एक मास्तर होते. त्यांनी आपलं पेन दिलं. बायकोनं डाव्यानं ढकललं, पहिल्याच ओळीला कागद फाटला. आमच्या मास्तरांनी पेन परत करायला लावलं. "उजवीकडचा बैल आहे," म्हणाले. त्या मास्तरांना काही समजलं नाही.

मंग आमचे मास्तर कामाला लागले. मला म्हणाले, "चिंच आण. कोमट पाणी आण. आन् तुझ्या बैलाच्या शेपटीचे केस आण."

"कोन्या बैलाच्या?"

"डाव्याच्या," ते म्हणाले, आन् तशा वेळीही बायको हसली.

चिंचेच्या कोळात निब भिजवली. निबच्या खाली जी खाचांची जीभ असते तिच्यातून तांबड्याचा केस ओवून ओवून काढला. पण गळ्यात डिंक बसला होता तो हलेना. मास्तर थोडा वेळ पेन हातात धरून बसले. दुसऱ्याच्या पेनाला बोट न लावणारा माणूस. मंग त्यांनी पेनाचा गळा तोंडात धरला, कोमट पाण्यात दुसरं टोक बुडवलं आन् ओढलं. काळं थुंकलं. पुन्हा ओढलं. पुन्हा थुंकलं. मी म्हटलं, "मास्तर, मी करतो." त्यांनी हातानं दूर सारलं. दुपार गेली, उन्हं उतरली, धर्मशाळेच्या ओट्यावर माणसं येऊन पाहून जात होती. हिरडा असा तुरट, जीभ लाकूड होते. माणसाला ओकारी आली असती. ते पाणी काळ्याचं करडं झालं, करड्याचं पांढरं झालं, तरी ओढत राहिले. मंग पेन झटकून पुसून, आपल्या बाटलीतली निळी शाई भरून तिच्यापुढं केलं. "चालव."

तिनं कागद आडवा फिरवला. रेघ उतरली. बारीक, सारखी.

मास्तर हसले, तर त्यांचे दात कोळशासारखे काळे. ओठ काळे, मिशा काळ्या. हिरडा आन् हिराकस म्हणजे दातवणच की. आमच्या जुन्या बाया त्याच्यानंच दात काळे करत, सवाष्णीचं लेणं म्हणून. माझ्या मायचेही दात काळे होते. बाप मेल्यावर तिनं दातवण लावणं सोडलं, पण काळेपणा उतरला नव्हता. ती मास्तरांकडं पाहत राहिली. डोळ्यांत पाणी आन् तोंडावर हसू, दोन्ही एकदम. "मास्तर," ती म्हणाली, "आता कुंकू लावाचं तेवढं राह्यलं जी तुमचं."

"लावा बाई," मास्तर म्हणाले, "पोरगी पास झाली तर तेही लावा."

सकाळी ती आत गेली. आम्ही चिंचेखाली बसलो. डिप्टीसाहेब आले, तेच, सोनेरी पेनवाले. मास्तरांनी नमस्कार केला तर साहेब दचकले. "हे काय हो? या वयात मिशरी लावता?"

"नाही साहेब," मास्तर म्हणाले, "आमची एक पोरगी परीक्षेला बसली आहे."

साहेब पुढं गेले. त्यांना काय समजलं, देव जाणे.

घंटा झाली. पोरं बाहेर आली, कोणी रडत, कोणी पेपर वाचत. ती सगळ्यांच्या मागं. मास्तरांनी पेपर कसा गेला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. समोर येऊन डावा तळवा उलटा करून दाखवला. साफ.

निकाल लागला तेव्हा ऊन मरणाचं होतं. मी बैलांना पाणी पाजून राह्यलो होतो. मास्तर बांधावरून येताना दिसले, छत्री उघडी, चालत नव्हते, धावत होते. आमच्या अंगणात गोठ्यापाशीच थांबले. तोंडातून शब्द निघेना, दम लागलेला. माय, बायको, मी, तिघंही उभे. काय बोलंल आता हा माणूस? त्यांनी फक्त दात दाखवले. अजूनही करडेच होते. माय आत गेली आन् कुंकवाचा करंडा घेऊन आली. खरंच लावलं. मास्तर छत्री धरून लावून घेत होते, आन् तांबडा त्यांच्या सदऱ्याची बाही चाटत होता. मास्तरांनी छत्री आड धरली नाही.

मुलींची शाळा निघाली. बायको नोकरी संपेपर्यंत मास्तरीण राहिली. गावातल्या डावऱ्या पोरी तिच्याकडं बिनधास्त डाव्यानं लिहीत. पेनाचं टोपण दोनदा बदललं, निब तीच. मास्तर पुढं काही सालांनी गेले. जाण्याआधी सांगून ठेवलं होतं, माझं पेन माझ्या गळ्यातच राहू द्या, दुसऱ्याच्या हातात चालणार नाही. नळीसकट गेले. लोक म्हणाले, विक्षिप्त. म्हणू देत. मला मात्र ते पेन त्या सरणावर आपल्याच जागी ठेवलेलं दिसलं.

आता बायको गेली. तिच्याही संगं पेन द्यावं, असं कोणी म्हटलं होतं. मी नाही दिलं. का नाही दिलं, ते तेव्हा माझं मलाच समजलं नव्हतं.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा नळीतून पेन काढलं. शाई आत वाळून दगड झाली होती. कोमट पाण्यात ठेवलं, मंग मास्तरांसारखं तोंडात धरून ओढलं. जिभेवर शाई आली. पावसाचं पाणी बाटलीत होतं, तिनंच भरून ठेवलेलं, त्यात गोळी घोळून शाई भरली. लिहायला बसलो तर पेन चालेना. कुरकुर करते, कागद खरवडते. रुसलं. किती तरी वेळ मला वाटलं, बिघडलं. मंग समजलं. इतक्या सालांत ते तिच्या चालीनं झिजलं आहे. माझ्या उजव्या हाताला ते ओळखत नाही.

म्हणून हे सगळं मी साध्या पेनानं लिहिलं.

पण रोज सकाळी आंघोळीचं पाणी तापवायला चूल पेटवली की तिचं पेन घेतो. डाव्या हातात. पळसाचं पान आडवं फिरवतो, वरून खाली उतरल्यासारखं. अक्षर असं, जसं कोंबडं शाईतून चाललं. मास्तर तरी पंधरा-वीस दिवसांत शिकले, माझा हात जड आहे. मीही तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. ऐकलं काय, एवढंच म्हणत होतो. आता पानावर तिचं नाव लिहितो, तळवा उलटा करून पाहतो.

अजून साफ निघत नाही. पान चुलीत टाकतो. उद्या दुसरं घेईन.